परसातील शेड आणि शहराचा कायदा: शिकागोच्या आगीपासून आजच्या नियमांपर्यंत

अमेरिकेतील शहरांत घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे परसात, अवजारे, सायकली किंवा जळाऊ लाकूड ठेवण्यासाठी छोटी शेड उभारायची असेल, तर मालकाला दोन निरनिराळ्या नियमावलींचा विचार करावा लागतो. पहिली बांधकाम नियमावली: वास्तू कशाची, किती भक्कम आणि आगीपासून किती सुरक्षित असावी हे ती ठरवते आणि त्यासाठी बांधकामाची परवानगी घ्यायला लावते. दुसरी विभागीकरणाची, ज्याला सर्वसाधारण व्यवहारात झोनिंग म्हणतात. शहराच्या कोणत्या भागात जमिनीचा कोणता वापर चालेल, हद्दीपासून किती सामासिक अंतर मोकळे सोडावे, बांधकामाची उंची किती असावी आणि भूखंडाचा किती भाग छपराखाली यावा, हे ती सांगते. या दोन नियमावल्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी जन्मल्या, आणि घरामागच्या चार भिंतींवर त्या एकत्र येऊन बसल्या. त्यांच्या इतिहासात तीन हेतू एकावर एक रचलेले दिसतात: आगीपासून जीव वाचवणे, दाट वस्तीला हवा आणि उजेड मिळवून देणे, आणि शेजाराची प्रतिष्ठा व घरांच्या किमती जपणे. पहिले दोन हेतू माणसाच्या जिवाशी निगडित आहेत, तर तिसरा मालमत्तेच्या मोलाशी. आणि या तिन्हींना एकाच नियमाच्या भाषेत गुंडाळल्यामुळे कोणता हेतू कधी पुढे केला जातो, हे नागरिकाला ओळखता येत नाही. ही गुंतागुंत उलगडण्यासाठी शिकागो शहराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडते.

शिकागोचा पहिला आखीव नकाशा १८३० मध्ये जेम्स थॉम्पसन या भूमापकाने इलिनॉय आणि मिशिगन कालव्याच्या आयुक्तांसाठी तयार केला. त्यात रस्त्यांच्या सरळ चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीच्या मधून जाणारा एक बोळही होता. पुढे शहर वाढत गेले तरी ही पद्धत टिकली आणि सुमारे २५ फूट रुंद व १२५ फूट खोल असा भूखंड शिकागोचे सर्वसाधारण माप ठरला. हे क्षेत्र ३,१२५ चौरस फूट, म्हणजे मराठी वाचकाच्या परिचयाच्या मापात सांगायचे तर तीन गुंठ्यांहून थोडे कमी, भरते. अरुंद तोंडाच्या आणि खोल पोटाच्या या भूखंडावर घर रस्त्याकडे आणि परस बोळाकडे अशी मांडणी आपोआप झाली. कोळसा, गवत, कचरा, घोडे आणि गाड्या यांची ये-जा बोळातून होऊ लागली आणि बोळाच्या कडेने तबेले, गोठे, खुराडी, कोळशाची कोठारे व संडास यांची रांग उभी राहिली. ही सर्व बांधकामे लाकडाची होती. १८३० च्या दशकातच शिकागोत ‘बलून फ्रेम’ ही पद्धत रुळली होती, जिच्यात जाड तुळया आणि सुतारकामाचे अवघड सांधे यांऐवजी कारखान्यात कापलेल्या बारीक फळ्या व यंत्राने केलेले खिळे वापरून सांगाडा उभा करत. कसलेला सुतार नसतानाही दोन माणसे काही दिवसांत अशी वास्तू उभारू शकत, आणि त्यामुळे परसातील बांधकाम गरिबाच्या आवाक्यात आले.

या परसाला एक अर्थव्यवस्था होती. आयर्लंड, जर्मनी आणि बोहेमियातून आलेल्या कुटुंबांनी प्रथम भूखंडाच्या मागील टोकाला लहान घर बांधावे, हाती पैसा आल्यावर पुढे मोठे घर उभारावे आणि दोहोंपैकी एक भाड्याने द्यावे, हा तेथला रिवाज होता. परसात गाय किंवा कोंबड्या पाळून कुटुंबाची मिळकत वाढे आणि हे काम बहुतेक वेळा स्त्रियांच्या हाती असे. डीकोव्हन रस्त्यावरच्या कॅथरीन ओ’लिअरी या आयरिश स्त्रीचा संसार याच पद्धतीचा होता: कुटुंब मागच्या घरात राहत होते, पुढचे घर भाड्याने दिलेले होते आणि बोळालगतच्या गोठ्यातील गायींचे दूध विकून घराला हातभार लागत होता. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री याच गोठ्याच्या परिसरात आग लागली. त्या वर्षीचा उन्हाळा आणि शरद ऋतूचा आरंभ कमालीचा कोरडा गेला होता, नैऋत्येकडून जोराचा वारा होता, आणि गवत, लाकडाचा भुसा व कोळसा यांनी भरलेल्या गोठ्यांची व शेडांची साखळी आगीला पुढे नेण्यासाठी तयारच होती. १० ऑक्टोबरला आग विझली तेव्हा सुमारे ३०० माणसे मृत्यू पावली होती, १७,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या होत्या आणि तीन लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या शहरात सुमारे एक लाख लोक बेघर झाले होते. गायीने कंदिलाला लाथ मारल्याची कथा त्या काळच्या वृत्तपत्रांनी पसरवली. शासकीय चौकशीला मात्र आगीचे कारण निश्चित करता आले नाही, आणि १९९७ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने ठराव करून त्या स्त्रीला दोषमुक्त ठरवले. एका गरीब स्थलांतरित स्त्रीच्या गोठ्यावर साऱ्या शहराच्या नाशाचा ठपका ठेवण्याची ही वृत्ती नंतरच्या नियमांच्या घडणीतही वारंवार दिसते, म्हणून तिची नोंद येथे आवश्यक आहे.

आगीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मदतीचे काम शिकागो रिलीफ अँड एड सोसायटी या संस्थेकडे होते. तिने बेघर कुटुंबांना लाकूड व इतर सामान देऊन दोन मापांची तात्पुरती घरे उभारायला साहाय्य केले: मोठ्या कुटुंबासाठी १६ फूट बाय २० फूट आणि तीन किंवा त्याहून कमी माणसांच्या कुटुंबासाठी १२ फूट बाय १६ फूट. अशी हजारो घरे उभी राहिली, आणि त्यांपैकी मोजकी आजही जुन्या वस्तीत तग धरून आहेत. लहान घराचे क्षेत्र १९२ चौरस फूट भरते. आज अमेरिकेत सर्वत्र आधारभूत मानल्या जाणाऱ्या निवासी बांधकाम नियमावलीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत परवानगीवाचून उभारता येणाऱ्या शेडची कमाल मर्यादा २०० चौरस फूट आहे. एका हिवाळ्यात ज्या मापात कुटुंबाने संसार थाटला, त्याच मापाला दीड शतकानंतर अवजारांची खोली मानले जाते. यावरून एवढे लक्षात यावे की बांधकामाचा अर्थ त्याच्या आकारातून निघत नाही. त्यात काय चालावे याविषयी समाजाने काय ठरवले आहे, यावर तो अवलंबून असतो.

आगीवरचा कायदेशीर उपाय ‘अग्निमर्यादा’ या संकल्पनेतून आला. शहराच्या नकाशावर एक रेषा आखायची आणि तिच्या आत नवे लाकडी बांधकाम करण्यास मनाई करायची, असा तिचा अर्थ. ही कल्पना नवी नव्हती. बॉस्टनच्या वसाहतीत १६३१ मध्येच लाकडी धुराडी आणि गवती छपरे यांच्यावर बंदी आली होती, आणि शिकागोतही आगीपूर्वी मध्यवर्ती भागापुरती अशी मर्यादा होती. नोव्हेंबर १८७१ मध्ये अग्निरोधक शहराचे आश्वासन देऊन महापौर झालेल्या जोसेफ मेडिल यांनी ही रेषा संपूर्ण शहराभोवती आखण्याचा प्रस्ताव मांडला. मात्र विटांचे घर लाकडी घराहून बरेच महाग पडे, आणि उत्तर शिकागोतील जर्मन कामगारांजवळ जळालेल्या भूखंडाखेरीज काही उरले नव्हते. जानेवारी १८७२ मध्ये अँटन हेसिंग या जर्मन वृत्तपत्रमालकाच्या नेतृत्वाखाली त्यांनी नगरपरिषदेवर मोर्चा नेला. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधण्याचा हक्क हा नियम हिरावून घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी तडजोड झाली आणि उत्तर व पश्चिम भागांतील मोठी क्षेत्रे अग्निमर्यादेबाहेर राहिली.

ही तडजोड फार काळ टिकली नाही. १४ जुलै १८७४ रोजी शहरात दुसरी मोठी आग लागली, तिच्यात आठशेहून अधिक इमारती जळाल्या, आणि देशभरच्या आगविमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने शिकागोतील विमा व्यवसाय बंद करण्याचा इशारा दिला. विम्यावाचून व्यापाराला भांडवल मिळणे शक्य नव्हते, म्हणून नगरपरिषदेने अग्निमर्यादा शहराच्या हद्दीपर्यंत वाढवली. जे काम लोकप्रतिनिधींच्या चर्चेतून झाले नव्हते ते भांडवलाच्या दडपणातून झाले. परिणाम असा की लाकडी घर बांधू इच्छिणारे लोक हद्दीच्या लगेच पलीकडे सरकले आणि तेथील उपनगरांत तशीच लाकडी वस्ती वाढली. मर्यादेच्या आत मात्र लहान शेडचा प्रश्न उरलाच, कारण कोळसा आणि अवजारे ठेवण्यासाठी प्रत्येकाने विटांची खोली बांधावी, अशी अपेक्षा करणे अशक्य होते. म्हणून अमेरिकी शहरांच्या अग्निनियमांत लहान लाकडी बांधकामांना काही अटींवर सूट देण्याची प्रथा पडली: क्षेत्र ठरावीक मापाहून मोठे नसावे, उंची मर्यादेत असावी, शेजारच्या इमारतीपासून किंवा हद्दीपासून अंतर असावे. आजच्या शेडच्या नियमांतील क्षेत्र, उंची आणि अंतर या तीन मापांचे मूळ या सवलतीत आहे.

जिवाच्या रक्षणासाठी केलेला नियम अन्यायाचे हत्यार कसा बनू शकतो, हे सॅन फ्रान्सिस्कोने त्याच काळात दाखवून दिले. १८८० मध्ये त्या शहराने असा आदेश काढला की विटा किंवा दगड यांखेरीज इतर सामानाच्या इमारतीत कपडे धुण्याचा धंदा करायचा असेल तर शहराच्या पर्यवेक्षक मंडळाची संमती हवी. वरकरणी हा आगीचा नियम होता. शहरात सुमारे ३२० धुलाईघरे होती, त्यांपैकी सुमारे ३१० लाकडी इमारतींत चालत आणि २४० च्या आसपास चिनी स्थलांतरितांच्या मालकीची होती. सुमारे दोनशे चिनी अर्जदारांना संमती नाकारण्यात आली, तर जवळजवळ सर्व बिगरचिनी अर्जदारांना ती मिळाली. ‘यिक वो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील धुलाईघर त्याच जागी बावीस वर्षे चालू होते आणि ते सुरक्षित असल्याचा अग्निअधिकाऱ्यांचा दाखलाही होता. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायद्याचे शब्द सर्वांना समान असले तरी त्याची अंमलबजावणी एका वंशाविरुद्ध होत असेल, तर ती राज्यघटनेतील समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग करते. परवानगीच्या इतिहासात या निकालाचे स्थान मोठे आहे. परवानगी देण्याचा अधिकार स्पष्ट निकषांवाचून अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला की काय घडते, हे त्याने कायमचे नोंदवून ठेवले.

नियमांचा दुसरा थर हवा, उजेड आणि आरोग्य यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक शहरांत घरांची टंचाई इतकी वाढली की परसातील तबेले आणि शेड यांत माणसे राहू लागली, आणि भूखंडाच्या पुढील व मागील बाजूंच्या इमारतींमधली जागा अंधाऱ्या चौकाइतकी उरली. शिकागोत १९०१ मध्ये सिटी होम्स असोसिएशनसाठी रॉबर्ट हंटर यांनी गरीब वस्त्यांचा पाहणी अहवाल लिहिला. मागील बाजूच्या या घरांतील दाटी, उघडी गटारे आणि हवेचा अभाव यांचे त्यातील वर्णन वाचून १९०२ मध्ये शहराने भाड्याच्या घरांसाठी नवे नियम केले. हीच विचारधारा त्या काळी जगभरच्या शहरांत पसरली होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या कामामागेही दाट वस्ती फोडून हवा व उजेड आत आणण्याचीच धारणा होती, आणि तेथेही ज्यांची घरे पडली त्यांना पुरेशी पर्यायी घरे मिळाली नाहीत.

वॉशिंग्टनमध्ये या थराचा गुण आणि दोष दोन्ही ठळकपणे दिसतात. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे राजधानीत आली आणि मोठ्या घरांच्या मागील बोळांत, तबेल्यांच्या जोडीने उभारलेल्या लहान घरांत राहू लागली. १८९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तीस फुटांहून अरुंद बोळांत नवी घरे बांधण्यास बंदी केली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलन विल्सन यांच्या आग्रहाने बोळांतील राहणेच संपवण्याचा कायदा झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळातील घरटंचाईमुळे तो अमलात आणणे लांबले आणि १९३४ मध्ये त्याच कामासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले. रोगराईची चिंता खरी होती आणि बोळांतील मृत्युदर भयावह होता, यात शंका नाही. तथापि घर अयोग्य ठरवण्याचा अधिकार शासनाने जितक्या तत्परतेने घेतला तितक्या तत्परतेने योग्य घर देण्याची जबाबदारी घेतली नाही, आणि त्यामुळे आरोग्याचा नियम अनेक कुटुंबांना विस्थापनाची आज्ञा म्हणूनच भोगावा लागला.

तिसरा थर विभागीकरणाचा. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या लहान शहराने १८८५ मध्ये धुलाईघरांना रेल्वेमार्गापलीकडच्या ठरावीक भागातच परवानगी दिली, आणि १९१६ मध्ये बर्कली शहराने केवळ एककुटुंबी घरांसाठी राखीव असा विभाग निर्माण केला. त्याच वर्षी २५ जुलै रोजी न्यूयॉर्कने संपूर्ण शहराला लागू होणारी विभागीकरणाची नियमावली स्वीकारली. तिच्यामागे गगनचुंबी इमारतींमुळे रस्त्यांवर दाटणाऱ्या अंधाराची चिंता होती. १९२० च्या दशकात हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला, ज्याच्या आधारे शेकडो शहरांनी आपापले नियम केले. विभागीकरणाचे हेतू सांगताना या नमुन्याने आगीपासून सुरक्षितता, आरोग्य आणि पुरेसा हवा-उजेड यांचा उल्लेख केला आणि त्याच कलमात इमारतींचे मोल जपण्याचाही समावेश केला. जीव आणि किंमत यांना कायद्याने येथे एकाच आसनावर बसवले, आणि पुढच्या शंभर वर्षांचा गोंधळ तेथून सुरू झाला.

परसातील शेडची कायदेशीर ओळख ज्या संज्ञेने होते ती संज्ञा म्हणजे ‘अनुषंगिक वापर’. भूखंडाचा एक मुख्य वापर असतो, उदाहरणार्थ राहणे. आणि त्या वापराच्या सोबतीला रूढीने येणारे, त्याच्याहून लहान आणि त्याच्यावर अवलंबून असलेले वापर अनुषंगिक मानले जातात. ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या विभागीकरणाला आव्हान देणाऱ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९२६ मध्ये विभागीकरण घटनात्मक ठरवले, तेव्हा त्या गावाच्या नियमांचे वर्णन करताना न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी अनुषंगिक वापराची ही व्याख्या नोंदवली आणि खाजगी गॅरेज हे तिचे उदाहरण दिले. त्याच निकालपत्रात बहुकुटुंबी इमारतींना एककुटुंबी वस्तीच्या मोकळ्या परिसरावर पोसणाऱ्या बांडगुळाची उपमा दिलेली आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की त्या काळच्या शहरी कल्पनेचे रूप कळते. मालकाच्या मोटारीसाठी मागे खोली असणे स्वाभाविक ठरले. त्याच खोलीत दुसऱ्या कुटुंबाने राहणे मात्र वस्तीवरचे आक्रमण मानले गेले.

रूढीला कायद्याचा निकष केल्यामुळे कोणाची रूढी, हा प्रश्न उभा राहिला. मोटारगाडी हाती आलेल्या मध्यमवर्गाची गॅरेजे वेगाने मान्य झाली आणि शिकागोच्या बोळांतील तबेल्यांची जागा त्यांनी घेतली. गाय, घोडा, कोंबड्या, कपडे धुण्याची किंवा सुतारकामाची खोली हे कामकरी वर्गाचे अनुषंगिक वापर मात्र निवासी विभागातून हळूहळू हद्दपार झाले. तरीही माणसांची गरज नियमापुढे थांबली नाही. लॉस एंजलिसजवळच्या साउथ गेट या कामगार वस्तीत १९२० च्या दशकात अनेक कुटुंबे भूखंडाच्या मागील टोकाला आधी गॅरेज उभारून त्यात राहत आणि पैसा जमेल तसे पुढचे घर स्वतःच्या हातांनी बांधत. अर्ध्या शतकापूर्वी शिकागोच्या स्थलांतरितांनी हेच केले होते. शिकागोने १९२३ मध्ये विभागीकरणाचा पहिला नियम केला आणि १९५७ मध्ये त्याची पूर्ण फेरमांडणी केली. या फेरमांडणीत भूखंडाच्या क्षेत्राशी बांधकामाच्या एकूण क्षेत्राचे प्रमाण ठरवणारा निर्देशांक आला. महाराष्ट्रातील वाचक त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणून ओळखतो, आणि मुंबईतही तो १९६० च्या दशकातच रूढ झाला. १९५७ च्या त्याच फेरमांडणीत घरामागे नवी स्वतंत्र निवासी वास्तू बांधण्यास शिकागोत मनाई झाली. बोळालगतची जुनी घरे राहिली, परंतु त्यांच्यासारखे नवे घर बांधणे बेकायदेशीर ठरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली तेव्हा शासकीय नियमांच्या जोडीला खाजगी करारबंधने आली. करारबंधन म्हणजे जमीन विकताना दस्तातच घातलेली अट, जी पुढील प्रत्येक मालकाला बांधून ठेवते. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ उभारलेल्या लेव्हिटटाउन वसाहतीतील घरे सुरुवातीला सुमारे ७५० चौरस फुटांची होती. त्यांना तळघर नव्हते आणि गॅरेजही नव्हते, त्यामुळे वस्तू ठेवण्याच्या जागेची निकड तेथील कुटुंबांना लगेच जाणवली असल्यास नवल नाही. दस्तातील अटींनी मात्र कुंपण घालण्यास मनाई केली, कपडे कोठे आणि कधी वाळवावेत हेही ठरवले, आणि आरंभीच्या भाडेकरारांनी गौरवर्णीयांखेरीज इतरांना घर वापरू देण्यास बंदी केली. वंशाधारित अटी न्यायालयाकरवी अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. दिसण्याविषयीच्या अटी मात्र चालू राहिल्या आणि पुढे घरमालकांच्या संघांच्या हाती गेल्या. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला शेडचा रंग, छपराचा उतार आणि रस्त्यावरून ती दिसावी की नाही याविषयी जे नियम वाचावे लागतात, ते पुष्कळदा शहराचे नसून अशा संघांचे असतात, आणि शहराची परवानगी मिळाल्यानेही त्यांचे बंधन सुटत नाही.

बांधकाम नियमावलीने दरम्यान आपला मार्ग वेगळा केला. आगविमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने १९०५ मध्ये देशभरच्या शहरांसाठी नमुना नियमावली प्रसिद्ध केली, १९२७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील बांधकाम अधिकाऱ्यांनी दुसरी तयार केली, आणि प्रादेशिक नियमावल्या चालवणाऱ्या तीन संस्था १९९४ मध्ये एकत्र येऊन २००० साली संयुक्त नियमावल्या निघाल्या. राज्ये आणि शहरे त्या फेरफार करून स्वीकारतात. या नियमावल्यांत एकमजली, घरापासून सुट्या असलेल्या साठवणुकीच्या शेडला क्षेत्रमर्यादेच्या आत परवानगीतून सूट आहे. कॅलिफोर्नियात ही मर्यादा १२० चौरस फूट, म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीइतकी आहे. ऑरेगनमध्ये ती २०० चौरस फूट आहे आणि तिला उंचीचीही अट जोडलेली आहे. सूट बांधकामाच्या परवानगीपुरतीच असते. वीज किंवा नळ जोडायचा असेल तर त्यांची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते, आणि विभागीकरणाची सामासिक अंतरे, उंची व आच्छादित क्षेत्र यांची बंधने सूट मिळालेल्या शेडलाही लागू राहतात.

या तपशिलातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नमुना निवासी नियमावलीनुसार हद्दीच्या पाच फुटांच्या आत येणारी भिंत आगीला ठरावीक काळ दाद न देणारी असावी लागते. परंतु परवानगीतून सूट मिळालेल्या लहान शेडला ही अट लावलेली नाही. ज्या आगीच्या भीतीने शेडचा नियम जन्माला आला, त्या भीतीचा विचार करूनच तज्ज्ञांनी लहान शेडच्या बाबतीत ती अट मागे घेतली आहे. अग्निशमन दले, नळांचे जाळे आणि गवत-कोळशाविना चालणारे घर यांमुळे १८७१ ची परिस्थिती बहुतेक शहरांत राहिलेली नाही. तरीही अनेक शहरांत विभागीकरणाची अंतरे तशीच आहेत, आणि शेड हद्दीपासून दोन फूट जवळ आली म्हणून मालकाला नोटीस मिळते तेव्हा तिच्यामागे बहुधा शेजारच्याच्या नजरेचा आणि वस्तीच्या रूपाचा विचार असतो. तो विचार सर्वथा त्याज्य नाही. शेजाऱ्याच्या खिडकीपुढे भिंत उभी राहू नये, पावसाचे पाणी त्याच्या अंगणात पडू नये आणि डागडुजीसाठी भिंतीभोवती फिरता यावे, या रास्त अपेक्षा आहेत. परंतु हा विचार सुरक्षिततेच्या नावाने मांडला जातो तेव्हा त्याची छाननी होत नाही. याला अपवाद कॅलिफोर्नियासारख्या वणव्याच्या प्रदेशांचा. तेथे घराभोवतीची लाकडी बांधकामे आग घरापर्यंत पोहोचवतात हे अलीकडच्या वणव्यांनी पुन्हा सिद्ध केले आहे, आणि तेथे अंतराचा कडक नियम जिवाच्या रक्षणाचाच नियम आहे.

घरांच्या टंचाईमुळे गेल्या काही वर्षांत तिसरा थर सैल होऊ लागला आहे. पोर्टलंडने २०१० पासून परसातील लहान घरांवरचे विकास शुल्क माफ करून त्यांना उत्तेजन दिले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१६ आणि २०१९ मध्ये केलेल्या कायद्यांनी स्थानिक शहरांचे मनाईचे अधिकार कमी केले, आणि निकष पूर्ण करणाऱ्या अर्जाला सार्वजनिक सुनावणीवाचून, ठरावीक मुदतीत परवानगी देणे बंधनकारक केले. शिकागोने डिसेंबर २०२० मध्ये ठराव करून मे २०२१ पासून निवडक भागांत परसातील घरांवरची १९५७ ची बंदी प्रायोगिक तत्त्वावर उठवली. या सुधारणांचा रोख पाहिला तर त्यांत आगीचे किंवा सांडपाण्याचे नियम काढलेले नाहीत. रूढी, रूप आणि मोटार ठेवण्याची जागा यांच्या नावाने घातलेले अडथळे तेवढे दूर केले आहेत. जीव जपणारा नियम आणि किंमत जपणारा नियम वेगळे करता येतात, हे या शहरांनी प्रत्यक्षात दाखवले आहे.

परसातील शेडच्या नियमांचा हा इतिहास नियम नसावेत असे सांगत नाही. डीकोव्हन रस्त्यापासून पसरलेल्या आगीत मेलेल्यांची आणि वॉशिंग्टनच्या बोळांत क्षयाने गेलेल्या मुलांची आठवण ठेवणारा कोणीही तसे म्हणू शकणार नाही. मात्र या इतिहासातून नियमाच्या परीक्षेचे तीन निकष हाती येतात. नियमाचा हेतू उघडपणे लिहिलेला असावा, म्हणजे तो हेतू संपल्यावर नियम मागे घेता येईल. निकष मोजता येण्याजोगे असावेत, म्हणजे परवानगी मर्जीवर अवलंबून राहणार नाही आणि यिक वो खटल्यातील अन्यायाला जागा उरणार नाही. नियमाचा भार कोणावर पडतो हे आधी पाहावे. कारण मोठ्या मालकाला वास्तुविशारद आणि वकील नेमून वाट काढता येते, तर ज्याचे कुटुंब परसातल्या एका खोलीच्या आधारावर उभे आहे त्याला परवानगीच्या शुल्काची रक्कमही अडवू शकते. शिकागोच्या जर्मन कामगारांनी १८७२ मध्ये विचारलेला प्रश्न, सुरक्षित शहराची किंमत कोणी मोजायची, आजही प्रत्येक बांधकाम नियमाला विचारण्याजोगा आहे; आणि ज्या शहराला त्याचे उत्तर आपल्या गरीब रहिवाशांसमोर उभे राहून देता येते, त्या शहराचे नियम लोक भीतीने नव्हे, पटल्यामुळे पाळतात.